नऊ मिलिमीटरवरचा आकडा: रबाळ्यातल्या पंप कार्यशाळेबद्दल

ठाणे-बेलापूर रोडला लागून, रबाळे स्टेशनच्या पूर्वेला एमआयडीसीत डिझेल पंप-नोझलची कामं करणारे गाळे बरेच आहेत. त्यांचा धंदा मुख्यतः ट्रक, डंपर, जनरेटर आणि बोटींच्या पंपांवर चालतो. अल्को या अमेरिकन कंपनीच्या रेल्वे इंजिनाचा पंप घेऊन गेलात तर निम्मे जण तो हातात घेऊन फिरवून बघतात आणि परत देतात. ट्रकच्या पंपात सगळे प्लंजर, म्हणजे डिझेल दाबून पुढे ढकलणारे दांडे, एकाच बॉडीत, एकाच कॅमशाफ्टवर असतात. पंप फिरवून तपासायच्या बेंचला कपलिंग जोडलं की काम सुरू. अल्कोच्या २५१ इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप असतो आणि त्याला उचलणारा कॅम पंपात नाही, इंजिनात असतो. म्हणून अशा एकेरी पंपासाठी बेंचवर वेगळा कॅमबॉक्स बसवावा लागतो. तो कॅमबॉक्स बाळगून असलेल्या एका लहान कार्यशाळेबद्दल हे लिहितो आहे. डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या जतन केलेल्या डिझेल इंजिनाचे १६ पंप आणि १६ इंजेक्टर (ज्यांच्या टोकाला फवारा उडवणारा नोझल असतो) असा पूर्ण संच तिथून होऊन आला, इंजिनावर चढला आणि चालला, त्यानंतरचं हे मत.

आधी निकाल सांगतो. पंपाचं काम उत्तम. नोझलचं काम चांगलं, पण समोर उभं राहून करून घ्यावं लागतं. पॅकिंग वाईट. दिलेली तारीख पाळली जात नाही.

आता हे आकड्यांत का मोजायचं ते. डब्ल्यूडीएम-२ ही १९६२ पासूनची जात. पहिली इंजिनं अमेरिकेतल्या अल्को कंपनीची, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनलेली. व्ही आकाराचे १६ सिलिंडर, बोअर ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच, २६०० अश्वशक्ती. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, ४०० आरपीएम; वेगाच्या पायऱ्यांतल्या शेवटच्या, आठव्या नॉचला १०००. मेल गाड्या ओढताना हे इंजिन तासन् तास वरच्या नॉचवर असायचं आणि पंपाचा कस फुल लोडलाच लागायचा. जतन केलेल्या इंजिनाचं आयुष्य उलटं असतं. ते आठवडेच्या आठवडे उभं राहतं, मग एखाद्या दिवशी सुरू होऊन दोन-चार डबे घेऊन जरा पुढे-मागे करतं. बहुतेक वेळ आयडलवर, फार तर तिसऱ्या नॉचपर्यंत. त्यामुळे अशा इंजिनाचे पंप तपासताना फुल लोडचा आकडा पाहून समाधान मानणं चुकीचं आहे. खरी परीक्षा आयडलच्या आकड्याची. या कार्यशाळेला ते न सांगता कळलं, हे तिच्याबद्दलचं पहिलं चांगलं लक्षण.

१५ मिलिमीटर प्लंजरच्या पंपाचं कॅलिब्रेशन असं होतं. बेंच ५०० आरपीएमवर फिरवायचं, कारण १००० आरपीएमच्या चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. तेल ४० ते ४५ अंशांवर ठेवायचं. रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी, ३० मिलिमीटरवर अडकवून ३०० स्ट्रोक मोजायचे आणि नळीत किती तेल जमलं ते वाचायचं. ते ३५१ सीसी हवं, वर ५ आणि खाली १० ची सूट. मग रॅक ९ मिलिमीटरवर आणून तेच ३०० स्ट्रोक. इथे ३४ सीसी हवं, वर १ आणि खाली ५ ची सूट.

या दोन आकड्यांचं गणित एकदा कागदावर करून बघा. ३० वरून ९ वर येताना रॅक २१ मिलिमीटर सरकतो आणि तेल ३१७ सीसीने कमी होतं, म्हणजे रॅकच्या एका मिलिमीटरला साधारण १५ सीसी. पाठवलेल्या संचात सगळ्यात कमी वाचन ५-एलचं (डाव्या रांगेतला पाचवा सिलिंडर; आर म्हणजे उजवी रांग) होतं, ९ मिलिमीटरवर २६ सीसी. सगळ्यात जास्त २-आरचं, ३८ सीसी. फरक १२ सीसी. फुल लोडवर ३५१ मधले १२ म्हणजे साडेतीन टक्के, कानाला कळतही नाही. आयडलवर ३४ मधले १२ म्हणजे पस्तीस टक्के. एक सिलिंडर उपाशी, दुसरा अति खाल्लेला. आयडलला इंजिन हेलकावे खातं, चिमणीतून करडा धूर येतो, वेग सांभाळणारा गव्हर्नर सारखा मागे-पुढे करत राहतो आणि बिचाऱ्या गव्हर्नरलाच दोष देऊन तो उतरवला जातो.

कार्यशाळेने प्रत्येक पंपाचं कार्ड केलं. पंपाचा नंबर, आल्यावेळचं वाचन, काय बदललं, जाताना दोन्ही रॅकवरचं वाचन आणि त्या वेळचं तेलाचं तापमान. १६ पैकी ११ पंप नुसते उघडून, धुऊन, रॅक आणि कंट्रोल स्लीव्ह मोकळे करून मापात आले. तीन पंपांना नवे एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) लागले, दोघांना डिलिव्हरी व्हॉल्व्ह. परत आलेल्या संचात ९ मिलिमीटरवरची सगळी वाचनं ३१ ते ३४ च्या मध्ये आहेत आणि ३० मिलिमीटरवरची ३४४ ते ३५२. एकही पंप सुटीच्या टोकावर नेऊन सोडलेला नाही. मापात बसणं आणि एकमेकांशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे पंप जुळवून देतात.

तापमानाचा रकाना कार्डावर असणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल ही एकमेकांत लॅप केलेली, म्हणजे घासून जुळवलेली, जोडी असते, मधली फट मायक्रॉनमध्ये. झिजलेल्या जोडीतून तेल या फटीतून मागे गळतं आणि तेवढं नोझलकडे कमी जातं. तेल थंड असेल तर ते दाट असतं आणि गळती कमी होते. म्हणून सकाळी बेंच सुरू केल्या केल्या, खोलीच्या तापमानाच्या तेलावर झिजलेला पंपही पास होतो. इथे हीटर लावून काटा चाळिशीच्या वर गेल्याशिवाय पहिला पंप चढवत नाहीत. बेंच तापेपर्यंतचा वेळ ते धुण्याच्या कामात घालवतात. दुसरीकडे कुठे काम देणार असाल तर कार्डावर तापमान लिहिणार का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तरावरून दुकान कळतं.

एलिमेंट बदलताना जोडी कधी फोडत नाहीत, हेही इथे पाहिलं. धुताना प्रत्येक प्लंजर स्वतःच्या बॅरलसोबत वेगळ्या कप्प्यात. ओला प्लंजर बॅरलमध्ये अर्धा घालून बॅरल उभा धरला तर तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली उतरला पाहिजे. धपकन पडला तर झिजलेला, मध्ये थांबला तर ओरखडा किंवा लाखेसारखा थर. खाडीच्या हवेत उभ्या राहणाऱ्या इंजिनात हा थर फार बसतो. जुनं डिझेल महिनोन् महिने पंपात राहतं, त्यात पाण्याचा अंश असतो, त्यामुळे प्लंजरवर तपकिरी थर आणि रॅकच्या दातांवर गंज. ज्या ११ पंपांना नवा भाग लागला नाही, त्यांचा आजार हाच होता. अशा पंपांना सरसकट नवे एलिमेंट टाकून बिल वाढवणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही.

आता नोझल. इथे तक्रार आहे.

अल्कोच्या नोझलला ०.३५ मिलिमीटरची नऊ भोकं असतात. नव्या नोझलचं उघडण्याचं प्रेशर ३९०० ते ४०५० पीएसआय, दुरुस्त केलेल्याचं ३७०० ते ३८००, आणि ३६०० पर्यंत उतरलं की नोझल बदलायचं. रेल्वेच्या लोको शेडच्या पुस्तकांत हे आकडे पीएसआयमध्ये आहेत, कार्यशाळेच्या टेस्टरचा गेज बारमध्ये. ३९०० ते ४०५० पीएसआय म्हणजे २६९ ते २७९ बार. ३७०० ते ३८०० म्हणजे २५५ ते २६२ बार. हा तक्ता लिहून सोबत न्या. नोझलच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाने पहिले चार इंजेक्टर हाताच्या सवयीने २५० बारला लावले होते. गेजवर आकडा गोल दिसतो, पण २५० बार म्हणजे ३६२५ पीएसआय, बदलायच्या हद्दीच्या जेमतेम वर. सांगितल्यावर त्याने कुरकुर न करता स्प्रिंगखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, वाढवून चारही पुन्हा लावले. त्याचा हात चांगला आहे. रोज दुसऱ्या जातीचे इंजेक्टर करतो म्हणून तिकडचा आकडा डोक्यात बसलेला. पण समोर कुणी नसतं तर ते चार तसेच डब्यात गेले असते.

प्रेशर कमी राहिलं तर काय होतं ते इंजिन उघडल्यावर दिसतं. सुई लवकर उघडते, थेंब जाड पडतात, बंद होताना सुई आळसते आणि शेवटचा थेंब टोकाला लटकतो. तो जळून भोकाभोवती कोळशाची बोंडं धरतात, फवारा वाकडा होतो आणि एका बाजूचं डिझेल लायनरवर बसून ऑइलचा थर धुऊन टाकतं. पुढे पिस्टनच्या रिंग आणि लायनर दोन्ही जातात.

टेस्टरवर चार गोष्टी पाहायच्या आणि चारही तुमच्यासमोर करून घ्यायच्या. पहिली, उघडण्याचं प्रेशर. दुसरी, फवारा: नोझलखाली जाड पांढरा कागद धरून एकच झटका मारायला सांगा. कागदावर नऊ ओले पट्टे, सारख्या लांबीचे, सारख्या अंतरावर उमटले पाहिजेत. आठच उमटले तर एक भोक बुजलेलं आहे. एक पट्टा लांब आणि बारीक असेल तर तिथे तेल फुटत नाही, नुसती धार जाते. तिसरी, ठिबक: उघडण्याच्या प्रेशरच्या १०० पीएसआय, म्हणजे साधारण सात बार खाली दाब धरून दहा सेकंद थांबायचं, टोक कोरडं राहिलं पाहिजे. चौथी, आवाज. हँडल सावकाश दाबताना सुई कडकड असा करकरीत आवाज करते, त्याला सगळे चॅटर म्हणतात. मुका नोझल म्हणजे सुई बॉडीत अडकते आहे. हात कधीही फवाऱ्याखाली नेऊ नका. या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं आणि जखम वरून टाचणी टोचल्याएवढीच दिसते. इथे टेस्टरला पारदर्शक कव्हर आहे, पण कागद धरण्यासाठी ते वर करून ठेवतात. कागद चिमट्यात धरायला सांगा.

पॅकिंगबद्दल कडक बोलायला हवं. एवढं स्वच्छ काम करून शेवटी पंपाच्या तोंडात बनियन वेस्टचे, म्हणजे बनियनच्या कापडाच्या चिंध्यांचे, बोळे कोंबून दिले. कापडाचा एक तंतू डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीटवर बसला तर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि नोझल ठिबकायला लागतो, ०.३५ च्या भोकाचं तर काय सांगावं. प्लॅस्टिकच्या टोप्या बाजारात किरकोळ भावात मिळतात. १६ पंपांच्या इनलेटच्या, डिलिव्हरीच्या आणि १६ इंजेक्टरांच्या मापाच्या टोप्या स्वतः घेऊन जा आणि आपल्यासमोर लावून घ्या. लाकडी खोका कप्प्यांचा करा. महापे ते शिळफाटा या पट्ट्यात टेम्पो असा हिंदकळतो की सुटे पंप एकमेकांवर आपटून रॅकची टोकं वाकतात. वाकलेला रॅक बेंचवरचं सगळं काम फुकट घालवतो.

नंबरांचीही काळजी तुम्हीच घ्यायची. त्यांनी तारेने कार्डाचे तुकडे बांधले होते, त्यातले दोन धुताना सुटले. पाठवण्याआधी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर १-आर ते ८-एल असे नंबर ठोकून पंपाच्या स्टडला घट्ट बांधा. पंप आपापल्या जागी परत गेले तर पुढच्या वर्षीचं कार्ड या वर्षीच्या कार्डाशी ताडता येतं आणि कुठला सिलिंडर खराब होतो आहे ते कळतं.

वेळ: आठ दिवस सांगितले, कामाचे बारा दिवस लागले. तीन एलिमेंट बाहेरून यायचे होते, हे कारण खरं होतं, पण फोन त्यांनी करायला हवा होता. बिल नीट वेगवेगळं लिहिलेलं: प्रति पंप मजुरी, एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, नोझल आणि शिम. काढलेले जुने भाग न मागता पिशवीत घालून दिले. ही सवय आता फार कमी ठिकाणी उरली आहे.

कार्यशाळा पंप बसवून देत नाही, आणि बेंचवर मिळवलेलं बसवताना सहज गमावता येतं. मिलिमीटरला १५ सीसी हे लक्षात ठेवा. लिंकेज जोडताना एका पंपाचा रॅक अर्धा मिलिमीटर पुढे राहिला तर सात-आठ सीसीचा फरक तिथेच पडला, म्हणजे आयडलच्या सहा सीसीच्या पूर्ण सुटीपेक्षाही जास्त. म्हणून सगळे रॅक एकत्र हलवणारा कंट्रोल शाफ्ट आयडलच्या जागी धरून सोळाही रॅकचं वाचन एकाच माणसाने, एकाच बाजूने बघून घ्यायचं. पंप बसवताना बारिंग करून, म्हणजे इंजिन हाताने फिरवून, पंपाच्या खिडकीतली रेघ आणि गाईड कपवरची रेघ जुळते का ते प्रत्येक सिलिंडरला पाहायचं. इंजेक्टरच्या भोकात जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिलेला असतो. टॉर्च मारून बघा आणि काढा. नवा वॉशर त्याच्यावर बसला तर नोझलचं टोक वर राहतं आणि फवारा हेडवर आपटतो.

इंजिन सुरू करण्याआधी एक काम कुठल्याही घाईत सोडू नये. कंट्रोल शाफ्ट हाताने पूर्ण पुढे नेऊन सोडा. सगळे रॅक शून्याकडे, कुठेही न अडकता, आपले आपण परत आले पाहिजेत. अडकलेला रॅक म्हणजे वेग हाताबाहेर गेल्यावर इंजिन बंद करणारी ओव्हरस्पीड ट्रिप पडूनही डिझेल मिळत राहणारा सिलिंडर. नव्याने घट्ट केलेला पंप बॉडीत किंचित पिळला गेला तरी रॅक जड होतो. तसं झालं तर नट सैल करून आलटून पालटून, थोडे थोडे आवळा.

मग बूस्टर पंप चालवून हवा काढा, हाय प्रेशर पाईपचे नट इंजेक्टरकडून सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत बारिंग करा, आवळा. इंजिन सुरू झाल्यावर आयडलला एकेका पंपाचा रॅक शून्याला ओढून सिलिंडर कट करत जा. प्रत्येक वेळी आवाज सारखाच उतरला पाहिजे. ज्याला कट करूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. पंपाच्या जोडांवरून कोरडं फडकं फिरवा आणि ओलं होतं का पाहा. या इंजिनात लुब ऑइल ९१० लिटर मावतं. त्यात १८ लिटर डिझेल मिसळलं तरी ते दोनच टक्के होतं आणि डिपस्टिकवर कुणाच्या लक्षात येत नाही. प्लंजरमधून गळणारं डिझेल पंपाच्या खालून क्रँककेसमध्येच उतरतं. त्यामुळे पंप बसवल्यावर ऑइलचा एक नमुना लगेच आणि दुसरा पंचवीस-तीस तास चालल्यावर घ्या, दोघांची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) आणि फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेण्याचं तापमान) ताडून बघा.

गव्हर्नर आणि टर्बो ही कार्यशाळा घेत नाही, आणि घेत नाही असं स्पष्ट सांगते. टर्बोवर संशय असेल तर कुठे पाठवण्याआधी रन-डाउन घ्या: इंजिन गरम करून आयडलवरून ओव्हरस्पीड ट्रिपने बंद करायचं आणि रोटर थांबेपर्यंत घड्याळ लावायचं. ९० ते १८० सेकंद आले आणि घासल्याचा आवाज नसेल तर टर्बोला हात लावू नका.

बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात ६-एलचा रॅक जड झाला. पंप उतरवून रबाळ्याला नेला. उघडल्यावर कंट्रोल स्लीव्हच्या दातांत पांढरा तंतू सापडला, बहुधा त्याच बनियन वेस्टचा. मालकांनी तो चिमट्याने काढून स्वतः पांढऱ्या कागदावर ठेवून दाखवला, बेंच तापवलं, दोन्ही वाचनं पुन्हा घेतली आणि नवं कार्ड लिहून दिलं: ९ मिलिमीटरवर ३३, ३० मिलिमीटरवर ३४८, तेल ४२ अंश. पैसे घेतले नाहीत. पंप परत आला तेव्हा तोंडाला टोप्या होत्या.